खडकाच्या अलीकडे

आदोलीला आनांगबाबांचे दोन हात हवे होते. बदल्यात ती काय देणार होती? काहीच नाही. बाबांना ढोल वाजवायला एक निमित्त हवं होतं. बदल्यात ते काय देणार होते? त्यांच्या मते तेही काहीच नाही. दोन्ही बाजूंना नुसता फायदाच दिसत असेल, तर तोटा तिसरीकडे कुठेतरी दबा धरून बसलेला असतो. माझ्यासारख्या केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

ते अझोंटो नाचाचे दिवस होते. अक्राजवळच्या आमच्या टेशीतलं प्रत्येक पोर रस्त्यात उभं राहून पायाचा चवडा वळवत होतं, हवेतच कपड्यांना इस्त्री करत होतं, नसलेली गाडी चालवत होतं. बापाने हाक मारली तरी चवडा वळवतच यायचं. आदोली दिवसभर बायकांच्या वेण्या घालायची आणि संध्याकाळी माझ्या मासे भाजायच्या छपरामागे चार पोरांना घेऊन नाचायची. गाणं फोनमधलं, स्पीकर शेजाऱ्याचा, जागा माझी. नाचायची मात्र अशी, की मासा करपला तरी मला राग यायचा नाही.

मग शेजारच्या नुंगुआत, किनाऱ्यावर, नाचाची स्पर्धा जाहीर झाली. पहिला येणारा संघ डिसेंबरात अक्राच्या मोठ्या मंचावर जाणार. नाच कुठलाही नवा चालेल, पण ताल जुना हवा आणि ढोल समोर बसून माणसाने वाजवलेला हवा. स्पीकर दिसला की संघ बाद.

आणि नेमकी तेव्हा टेशीला बंदी लागलेली.

होमोवोच्या सणाआधी आमच्याकडे ढोल वाजत नाही, टाळी वाजत नाही, चर्चचा माइकसुद्धा गुंडाळून ठेवतात. मका वर येईपर्यंत देवांना शांतता लागते. देवांना ती मिळते की नाही माहीत नाही, माणसांची मात्र झोप उडते. एरवी गाण्यात बुडून जाणारी नवराबायकोची भांडणं शब्दन् शब्द ऐकू येतात. कोळी जाळं विणताना एकमेकांवर खेकसतात. कोंबडा जरा जोरात आरवला तर लोक दचकून वुलोमोच्या, म्हणजे थोरल्या पुजाऱ्याच्या घराकडे बघतात. त्यात नुंगुआची बंदी आमच्या आधी लागते आणि आधी उठते. आमचं तोंड दाबलेलं असताना त्यांचे ढोल वाऱ्यावरून यायचे. उपाशी माणसाच्या नाकाशी शेजारणीने मासा तळावा तसे.

सगळ्यात वाईट अवस्था आनांगबाबांची. सत्तरीला टेकलेला माणूस, आळीतला पहिला ढोलवाला. बंदी लागली की त्यांची बोटं वेड्यासारखी फिरायची, मांडीवर, भिंतीवर, दुसऱ्याच्या पाठीवर. बंदी उठते त्या दिवशी आधी देवस्थानाचा ढोल वाजतो, मग प्रत्येक आळी आपापला पहिला ठोका देते, आणि तो पडेपर्यंत कुणी पाय उचलत नाही. आमच्या आळीचा ठोका बाबांचा होता, त्यांच्या बापापासून चालत आलेला. पण त्याला एक पथ्य होतं. इतरांनी बंदी मोडली तर दंडावर भागायचं. ठोक्याच्या धन्याने बंदीत टेशीच्या जमिनीवर ढोलाला हात लावला, तर ठोकाच जायचा. तो जायचा पुतण्याकडे, मार्टेकडे. मार्टे हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि काकांच्या तब्येतीची जरा जास्तच चौकशी करायचा.

त्या दिवशी बाबा माझ्या बाकावर केंकी खात होते. एक हात ताटात, दुसऱ्याची बोटं बाकाच्या कडेवर.

"बाबा, बाक वाजवू नका. मला दंड पडेल."

"वाजवतोय कुठे? बोटांना खाज सुटलीय."

"मिरचीचा हात धुवा मग."

तेवढ्यात आदोली आली. कंगवा केसात खोचलेला, पाय जागेवर नाहीत.

"बाबा, नुंगुआची बंदी उठली."

"मला कान आहेत."

"तिकडे जाऊन वाजवलं तर चालतं ना?"

बाबांची बोटं थांबली. "बंदी जमिनीवर असते पोरी, हातावर नसते. हात कुठेही न्या."

"मग आणा ना तुमचे हात. आम्हाला ढोलवाला हवाय."

"तुमचा तो नाच मी बघितलाय. माणूस टॅक्सी चालवतोय की लेंग्याला इस्त्री करतोय, काही कळत नाही."

"दोन्ही करतोय," आदोली म्हणाली. "गरिबाला दोन धंदे लागतात."

बाबा हसले आणि मला कळलं, गडी पडला. "हसू नकोस आमेर्ली," ते मलाच म्हणाले. "आम्ही पोरांनी क्पानलोगोचा नाच काढला तेव्हा गोऱ्यांच्या सिनेमात बघून कंबर हलवायचो. माझ्या बापाने ढोल विहिरीत टाकला. म्हणाला, हा ताल नाही, हा वाह्यातपणा आहे. आता तोच ताल शाळेत मास्तर शिकवतात आणि त्याला परंपरा म्हणतात. वाह्यातपणा म्हातारा झाला की त्याची परंपरा होते."

"मग आमचा पण होईल," आदोली म्हणाली. "उद्या ट्रोट्रोने जाऊ. व्हॅन सरळ नुंगुआच्या बाजारात सोडते."

"आणि माझा ढोल टपावर बांधणार? बकऱ्यासारखा? नाही. किनाऱ्याने चालत जायचं. खाडी ओलांडली की नुंगुआ."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की कुणाला पुढे विचारावंसं वाटलं नाही. त्या वर्षी वाळूचा दांडा टेशीच्या अंगाला फुटला होता, खाडीचं पाणी जवळच आलं होतं, घोट्याएवढं. सोयीचं होतं. सोयीच्या गोष्टीची तपासणी माणूस कधी करत नाही.

मी काही त्यांच्याबरोबर गेले नाही, माझी पिठाची भांडी मला सोडत नाहीत. पण संध्याकाळी सगळे परत माझ्याच बाकावर यायचे, आणि आदोलीच्या तोंडात केंकी असली तरी तक्रार बाहेर यायला जागा असायची.

"मावशी, म्हातारा मोजूच देत नाही. मी म्हणते, पाच, सहा, सात, आठ. हा म्हणतो, कुणासाठी मोजतेस, कांदे विकायचेत का?"

"मग कसं नाचायचं म्हणे?"

"म्हणे पाय आधी, ठोका नंतर. फोनमधलं गाणं कसं, आपण त्याच्या मागे पळायचं. हा म्हणतो, तू पुढे हो, मी मागून येतो. आता मला सांग, कुठे जायचंय तेच मला माहीत नाही, तर मी पुढे कशी होऊ?"

बाबा शेजारीच बसलेले असायचे. "फोनमधला ढोल आंधळा असतो," ते शांतपणे म्हणायचे. "तू तोंडावर आपटलीस तरी तो पुढेच जाणार. माझा ढोल तुझ्या पायाकडे बघतो."

"आणि ढोलवाल्याने नाहीच बघितलं तर?"

"तर थांबायचं. चक्क उभं राहायचं. नाचणारी थांबली की वाजवणाऱ्याला मान वर करावीच लागते."

रोज भांडण. एक पोरगा दोनदा सोडून गेला आणि दोनदा परत आला, कारण घरात बंदीमुळे त्याहून जास्त कंटाळा होता. मग एका संध्याकाळी आदोली आली ती बोललीच नाही. केंकी सोललीसुद्धा नाही. माझ्या दारात उभी राहिली, चवडा वळवला, एकदाच, आणि त्या वळणाच्या टोकाला, जिथे ठोका पडायला हवा, तिथे ती क्षणभर अडकून राहिली. ढोल नव्हता तरी मला तो ऐकू आला. मी घाबरून वुलोमोच्या घराकडे बघितलं.

"कळलं?" बाबांनी तिला विचारलं.

"कळलं."

बाबांची बोटं त्या दिवशी बाकावर गप्प पडून होती. फक्त उजवा हात गुडघा चोळत होता. मी म्हटलं, काय झालं? ते म्हणाले, वाळूत बसून अंग आखडतं. मी तेल दिलं आणि विसरले.

स्पर्धेला थोडेच दिवस उरले असताना वुलोमोची माणसं किनाऱ्याने आली. पुढच्याच्या डोक्यावर बाबांचा ढोल. मागे आदोली आणि तिची चार पोरं, सगळ्यात मागे बाबा, अगदी हळू. अख्खी आळी दारात आली. ढोलाची बंदी असते, बघायची नसते.

"आम्ही खाडी ओलांडली होती," आदोली प्रत्येकाला सांगत होती. "विचारा ना. पाणी ओलांडून पलीकडे बसलो होतो. पलीकडे नुंगुआ."

डोक्यावर ढोल घेतलेला माणूस न वळताच म्हणाला, "पाणी ओलांडलंत ताई. खडक कुठे ओलांडलात?"

खाडीचं मुख दर पावसाळ्यात जागा बदलतं. म्हणून आमच्या पणज्यांनी हद्द पाण्यावर ठेवलीच नाही, ती काळ्या खडकावर ठेवली, बरीच पुढे. यंदा पाणी इकडे सरकलं, त्यामुळे पाणी आणि खडक यांच्यामध्ये टेशीचीच लांबलचक वाळू उरली. पोरं समुद्रावर जातात ती फोटो काढायला. त्यांना पाणी संपलं की गाव संपलं. पण आनांगबाबा? त्या किनाऱ्यावर जाळी ओढत म्हातारा झालेला माणूस? हे माझ्या डोक्यात बसेना. गिऱ्हाईक समोर उभं असताना मी चुकीचा मासा बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वुलोमोच्या अंगणात जमले. वुलोमो पांढऱ्या कपड्यात, अनवाणी, भिंतीला टेकून. ते स्वतः बोलत नाहीत, त्यांचा बोलका माणूस बोलतो. बाबांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

"ढोल खडकाच्या कुठल्या बाजूला होता?" बोलक्याने विचारलं.

"बघा, आम्ही गेलो तेव्हा हे सामान उचलत होते," पकडणाऱ्यांतला एक म्हणाला. "ढोल आम्ही अलीकडे धरला. वाजत कुठे होता, ते वाऱ्यामुळे नक्की नाही सांगता येत."

मार्टे घसा खाकरून पुढे झाला. "माझं म्हणणं असं, की भरती येऊन गेलीय. खुणा काही नाहीत. काका पलीकडे वाजवून परत येत असतील. नाही का, काका?"

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. ज्याच्या पदरात ठोका पडायचा तोच काकांना वाट काढून देत होता. मी मनात त्याच्या खात्यावर काहीतरी जमा केलं, थोडं. ठोका त्याला हवा होताच. पण बंदी मोडल्याच्या बोभाट्यातून मिळालेला ठोका आळीत मिरवता येत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

आदोलीने ती वाट लगेच पकडली. "पलीकडेच होतो. खडकाच्या पार पलीकडे. मी नाचत होते, मला जागा माहीत आहे."

"शपथ घेशील?"

"घेते."

बोलक्याने पाण्याचं काळं वाडगं आणलं. त्या पाण्यावर खोटं बोललेल्याचं काय होतं ते आम्ही कुणी मोठ्याने सांगत नाही, आणि नुसत्या त्या बोलणाऱ्याचं होऊन थांबत नाही, मागच्यापुढच्यांचंही होतं. आदोलीने वाडगं दोन्ही हातांत घेतलं. ओठ पुढे झाले.

"ठेव ते खाली," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही गप्प बसा."

"ठेव म्हणतो ना." ते एक पाऊल पुढे आले आणि मी पहिल्यांदा नीट बघितलं ते पाऊल. आधी डावा पाय, मग उजवा नुसता ओढलेला. "आम्ही अलीकडे होतो. रोज अलीकडेच होतो. पोरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

"माहीत असून?" बोलका खरोखर चकित झाला.

ढोल चोरला म्हणून पकडलं असतं तर बाबांनी चटकन सांगितलं असतं. हे वेगळं होतं. बोटं लुंगीच्या काठावर वाजत राहिली.

"खडकापर्यंत," ते शेवटी म्हणाले, "माझा गुडघा पोचत नाही."

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. हसायला बंदी नव्हती.

"मग ट्रोट्रोने जायचं," मागून एक बाई म्हणाली.

"ट्रोट्रोची पायरी चढता येत नाही. मागून ढकलावं लागतं." ते आता थेट आदोलीकडे बघत होते, रागावल्यासारखे. "तू मला ढकलून वर चढवलं असतंस, आणि मग मी तुला पाय कसा टाकायचा ते शिकवलं असतं?"

आदोलीने वाडगं खाली ठेवलं. थोडं पाणी तिच्या पायावर सांडलं आणि ती ते बघत उभी राहिली.

निकाल लागायला वेळ लागला नाही. ढोल बंदी उठेपर्यंत देवस्थानात. बाबांचे हात तोपर्यंत गप्प, कुठल्याच गावात नाहीत. पहिला ठोका मार्टेचा. वर देवांसाठी एक मेंढा. मेंढा मार्टेने आणून बांधला. ज्याला ठोका मिळाला त्याने मेंढा द्यावा, हे मला रास्त वाटलं. मेंढ्याला विचारायची पद्धत नाही.

आता आदोलीला ढोलवाला राहिला नाही. ती माझ्याकडे येऊन बसायची, उठायची, पुन्हा बसायची. चौथ्यांदा उठली तेव्हा मीच म्हटलं, "मार्टेला विचार."

"तो? तो लोकांकडे बघून वाजवतो. पायाकडे बघतच नाही."

"बाबांनी काय सांगितलंय? नाही बघितलं तर काय करायचं?"

ती गेली. मार्टेने आढेवेढे घेतले, हॉटेलातल्या कामाचं सांगितलं, आणि होकार दिला. काकांचं काहीतरी देणं लागतो अशी त्याला टोचणी होती; ती उतरवायला माणूस पैशापेक्षा श्रम बरे म्हणतो.

स्पर्धेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. बाबांनाही नेलं. ट्रोट्रोच्या पायरीशी ते थांबले, आणि आदोली आणि मी, दोघींनी मागून ढकललं. खिडकीतून काळा खडक दिसला तेव्हा बाबांनी दुसरीकडे तोंड केलं.

मार्टेने सुरुवात केली. सुरेख, सफाईदार, एकसारखं. डोळे गर्दीवर, दात सगळे बाहेर. पोरं त्याच्या मागे धावायला लागली. चवडे वळत होते, पण वळून कुठे पोचत नव्हते. बाबा माझ्या शेजारी दोन्ही हात काखेत दाबून बसले होते, पळून जातील म्हणून धरल्यासारखे.

आणि आदोली थांबली. भर मंचावर, एक पाय पुढे, नुसती उभी. तिच्यामागची चारही थांबली. गर्दीतून शिट्टी आली. "विसरली, विसरली," कुणीतरी ओरडलं. मार्टे तसाच वाजवत राहिला, मग त्याचं हसू जरा सैल झालं, मग त्याने मान वर केली. तिच्याकडे नाही, तिच्या पायाकडे बघितलं. हात हवेत राहिले.

तिने चवडा वळवला. ठोका मागून आला.

पुढचं मला सांगता येत नाही, मी केंकी वळणारी बाई. एवढंच, की इस्त्री आली, टॅक्सी आली, आणि मध्येच एकदम सगळी जाळं ओढायला लागली, माझ्या लहानपणी ओढायचे तसंच, आणि कुठला धागा जुना आणि कुठला नवा ते मला निवडता आलं नाही. शिट्टी मारणाराच उठून नाचत होता. मी शेजारी बघितलं. हात काखेतच होते, पण बाबांचे खांदे उडत होते.

संघ पहिला आला. आदोली बक्षीस घेऊन बाबांकडे धावत आली, तर ते म्हणाले, "डावा पाय अजून मोजतोय."

मग आमची बंदी उठायचा दिवस आला. देवस्थानाचा ढोल वाजला आणि सगळी टेशी सुटल्यासारखी झाली. आमच्या आळीच्या चौकात माणसात माणूस मावेना. ढोल परत आला होता, मागे मार्टे बसलेला, नव्या शर्टात. बाबा भिंतीशी बाकावर. माझाच बाक, मीच नेऊन ठेवलेला.

मार्टेने हात उचलले. आणि खाली आणलेच नाहीत.

लोक वाट बघत राहिले. "मार्टे, मार ना," कुणी म्हणालं. "हॉटेलवाल्याला वीज लागते वाटतं." हशा झाला. मार्टेला घाम फुटला होता. तो जमिनीकडे बघत होता, पायांकडे, एका पायावरून दुसऱ्यावर. पण ठोक्याआधी पाय उचलायचा नाही, म्हणून सगळे पाय मुकाट होते. त्याला सवय लागली होती, आणि आता आंधळा ठोका मारवेना. आदोलीचा पाय चळवळत होता, तिने तो दुसऱ्या पायाने दाबून धरला. कुजबुज वाढायला लागली. न पडलेला ठोका अपशकुनी असतो.

"ठोका माझा नाही आता," बाबा मोठ्याने म्हणाले, कुणालाच नाही. "मग पथ्य मोडलं तरी माझं जायचं काय?"

ते बाकावरून उठले. कुणी हात द्यायच्या आत दोन पावलं पुढे आले, त्या दुखऱ्या पायावर सगळा भार टाकला आणि चवडा वळवला. अझोंटोचा. टेशीतल्या प्रत्येक पोराचा. गुडघ्यातून कट्‌ असा आवाज आला तो मला भिंतीशी ऐकू आला, आणि त्याच क्षणी, त्यावरच, मार्टेचा ठोका पडला.

त्यानंतर आळीत कुणी थांबलं नाही. बाबांना दोघांनी उचलून परत बाकावर ठेवलं आणि तेही नाचतच.

तर हिशेब असा. आदोलीला अक्राचा मंच मिळाला. डिसेंबरात ती आणि मार्टे गेले. मार्टेला ठोका मिळाला, आणि त्याबरोबर पायांकडे बघायची खोड, जिच्यामुळे हॉटेलातले लोक म्हणतात, हा हल्ली हसत नाही. देवांना मेंढा मिळाला. आळीला तिचा सण वेळेवर मिळाला. माझा बाक बाबांच्या दारात गेला तो परत आला नाही. केंकीही मी तिथेच नेऊन देते, आणि बाकाची कड त्यांच्या बोटांनी झिजत चालली आहे.

बाकी सगळं भरलं ते आनांगबाबांच्या उजव्या गुडघ्याने. तो त्या दिवसापासून वाकलेला नाही.